फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचं डिफरेन्शिअल ऑइल घरी बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीखाली पहिल्यांदाच आडवं होणाऱ्यांकडून, आणि काही अनुभवी मंडळींकडूनही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. साधे आधी, अडचणीचे नंतर. जे आकडे गाडीगणिक बदलतात त्यांच्या बाबतीत तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच खरं.

१. डिफरेन्शिअल करतो काय, आणि त्याला इंजिनपेक्षा वेगळं तेल कशाला?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांत दीड मीटरचं अंतर असेल तर एका पूर्ण गोल फेरीत हा फरक जवळपास साडेनऊ मीटरचा पडतो. डिफरेन्शिअल हा फरक सांभाळून घेतो, आणि शाफ्टकडून आलेली गती काटकोनात वळवून चाकांकडे देतो.

वेगळ्या तेलाची गरज या दुसऱ्या कामामुळे पडते. बहुतेक गाड्यांत पिनियन (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर) हा क्राउन व्हीलच्या (त्याच्यात अडकणाऱ्या मोठ्या गोल गिअरच्या) मध्यरेषेपासून जरा सरकवून बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरत जातात आणि तेलाचा साधा थर तिथे टिकत नाही. म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं घातलेली असतात. दात तापले की ती पोलादावर पातळ थर धरतात आणि दाताऐवजी तो थर झिजतो. बाटली उघडल्याबरोबर येणारा उग्र वास गंधकाचाच. शिवाय इंजिनाला फिल्टर असतो, डिफरेन्शिअलला नसतो. जे काही झिजतं ते त्याच तेलात गरगरत राहतं, आणि तेल बदलण्याचं खरं कारण हेच.

२. माझ्या गाडीत हे तेल नक्की किती ठिकाणी असतं?

साधारणपणे दोन: पुढचा आणि मागचा डिफरेन्शिअल. यांच्या मधोमध, गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ओढ वाटून देणारा डबा. तिचं तेल वेगळं, तिचे प्लग वेगळे. काही गाड्यांत तिच्यात चक्क ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ तेल असतं. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत एक मधला डिफरेन्शिअलही असतो. तो बहुधा ट्रान्सफर केसमध्येच बसतो आणि तिचंच तेल वापरतो. इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांचा मामला निराळा आहे, तो प्रश्न २० मध्ये.

३. किती किलोमीटरला बदलायचं?

रस्त्यावरच्या साध्या वापराला ४० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यानचा आकडा बहुतेक मॅन्युअलमध्ये सापडतो. ट्रेलर ओढणं, चिखल, वाळू, घाट आणि जड ओझं हा नेहमीचा वापर असेल तर निम्म्यावर या. नवी गाडी किंवा नवे गिअर असतील तर पहिलं तेल लवकर बदललेलं चांगलं, कारण दात एकमेकांना जुळवून घेताना सुरुवातीलाच सर्वाधिक कीस पडतो. आणि गाडी खोल पाण्यातून गेली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, थेट प्रश्न १२ वाचा.

४. मॅन्युअलमध्ये ‘तेल बदलण्याची गरज नाही’ असं लिहिलंय. मग?

‘आयुष्यभराचं तेल’ म्हणताना नेमकं कोणाचं आयुष्य, हे कुठे लिहिलेलं नसतं. सीलमधून आत येणारी वाफ, ब्रीदरमधून (ॲक्सलवरच्या हवा ये-जा करायच्या छोट्या तोंडातून) शिरणारी ओल आणि दातांचा कीस यांतलं काहीच थांबत नाही. गाडी बराच काळ ठेवायची असेल तर बदला. मात्र तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचंच घ्या.

५. जीएल-४, जीएल-५, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०... यांतलं कोणतं?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लोक ते एकत्र करून गोंधळतात.

जीएल हा आकडा दाबाखाली संरक्षण किती, ते सांगतो. सरकवलेल्या पिनियनच्या डिफरेन्शिअलला जीएल-५ लागतं; जीएल-४ घालून दात लवकर खराब करून घेऊ नका. उलट बाजूही लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझरच्या (गिअर टाकताना वेग जुळवून घेणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगा असतात आणि जीएल-५ मधली काही द्रव्यं त्यांना खातात. उरलेली बाटली ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतायची नाही.

दुसरा आकडा दाटपणाचा. ‘डब्ल्यू’च्या आधीचा अंक थंडीतलं वागणं सांगतो. प्रमाणित चाचणीत दाटपणाची ठरलेली मर्यादा ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत पाळतं, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत आणि ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत. नंतरचा अंक गरम असतानाचा दाटपणा. इथे ९० पाहून घाबरू नका. गिअर तेलाची आणि इंजिन तेलाची मोजपट्टी वेगळी असते. गिअर तेलाचं ९० हे दाटपणाला इंजिन तेलाच्या ४० ते ५० च्या आसपासच येतं. जड ओझ्यासाठी आणि उष्ण हवेसाठी काही उत्पादक ८५डब्ल्यू-१४० सांगतात. ते सांगत असतील तरच घाला. दाट तेल म्हणजे जास्त संरक्षण, हा हिशेब इथे चालत नाही. नको तितकं दाट तेल नुसतंच घुसळलं जातं, तापतं आणि गाडीची ताकद खातं.

६. मिनरलवरून सिंथेटिकवर गेलं तर चालेल? थोडं जुनं आत राहिलं तर?

चालेल. दोन्ही जीएल-५ असतील तर तळाशी राहिलेल्या अर्ध्या कपाने काही बिघडत नाही. सिंथेटिकचा फायदा कडक थंडीत आणि सतत ओझं ओढताना दिसतो. एरवी वेळेवर बदललेलं मिनरल हे विसरलेल्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही बरं.

७. काय काय सामान लागेल?

प्लगच्या मापाचं सॉकेट किंवा ॲलन बिट (काही गाड्यांत प्लगला चौकोनी खाच असते, तिथे रॅचेटचं टोकच थेट बसतं), लांब दांडा, टॉर्क रेंच, नवे वॉशर, रुंद पसरट भांडं, तेल भरायला हातपंप किंवा नळी जोडता येईल अशी बाटली, तारेचा ब्रश, भरपूर फडकी, हातमोजे, चष्मा. तेल एका डिफरेन्शिअलला साधारण एक ते तीन लिटर लागतं, पुढच्याला बहुधा कमी. अर्धा लिटर जादाच आणून ठेवा.

८. गाडी जॅकवर उचलावीच लागते का?

बऱ्याच उंच गाड्यांखाली तशीच सरकायला जागा मिळते, आणि मिळत असेल तर उचलूच नका. तेलाची पातळी गाडी सपाट असतानाच खरी कळते. एकच बाजू उचलली तर फिलरच्या (तेल भरायच्या) भोकाशी दिसणारी पातळी खोटी असते.

उचलावीच लागली तर चारही बाजू स्टँडवर घेऊन गाडी सपाट ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवरच असतो. ती हवेत गेली की तो निकामी. म्हणून एकेक बाजू उचलताना जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. घट्ट प्लगचा पहिला हिसकाही गाडी जमिनीवर असतानाच द्या. स्टँडवरच्या गाडीखाली लांब दांड्यावर जोर लावणं म्हणजे ती हलवून पाहणंच.

९. नेमकं करायचं कसं? आधी कोणता प्लग?

आधी फिलर. वरचा, भरायचा. तो सुटला आणि हातात आला की मगच खालच्या ड्रेन प्लगला हात लावायचा. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हेच ठेवा. खालून सगळं तेल काढून घेतलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही.

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. तेल कोमट झालं की ते पातळ होतं आणि तळाशी बसलेला कीस घेऊन बाहेर पडतं. पण लांबच्या प्रवासावरून आल्या आल्या सुरू करू नका, भाजेल. प्लगच्या आजूबाजूचा चिखल आधी ब्रशने झाडून काढा, नाहीतर तो भोकातून आत जातो. फिलर काढा, मग भांडं लावून ड्रेन सोडा. पहिली धार वाटते त्यापेक्षा लांब उडते, तेव्हा भांडं थोडं पुढे सरकवून ठेवा. नंतर धार बारीक होत थेंबांवर येते. तिला सवड द्या.

किती तेल निघालं ते मोजा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं तर ते गेलं कुठे, हे आधी शोधायचं: पिनियनचं सील, चाकाकडची सीलं, की मागच्या वेळी भरतानाच कमी पडलं होतं. चुंबक पुसा (प्रश्न ११), नवा वॉशर घालून ड्रेन बसवा, मग भरा (प्रश्न १४).

१०. प्लग निघतच नाही. कोपरे झिजायला लागले आहेत.

थांबा. झिजायला लागल्यावर आणखी जोर लावला तर पुढचं काम तिप्पट होतं.

सगळ्यात आधी दिशा तपासा. गाडीखाली उताणं पडून, डोक्यामागच्या प्लगवर काम करताना भलेभले लोक तो आवळत बसतात. प्लगच्या तोंडाकडे सरळ बघत असल्याची कल्पना करा आणि घड्याळाच्या उलट फिरवा.

बारा कोनी सॉकेट वापरत असाल तर ते ठेवून सहा कोनी घ्या. ॲलनचा प्लग असेल तर खाचेत वाळलेली माती टोच्याने कोरून तळापर्यंत साफ करा. बिट अर्धवट बसतं ते याच मातीमुळे, आणि मग खाच गोल होते. साफ केल्यावर बिट हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवा. त्या ठोक्यांनी आट्यांतला गंजही सैल होतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. तरीही नाहीच तर प्लगभोवतीचं हाउसिंग हॉट एअर गनने तापवा. उघडी ज्योत मात्र नको, आजूबाजूला तेल, रबरी सील आणि ब्रेकच्या नळ्या असतात. दांड्यावर हळूहळू वाढता भार देण्यापेक्षा एक कोरडा हिसका बहुधा काम करतो. सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि दांडा एकदम मोकळा होतो, तेव्हा हाताची बोटं कुठे आपटतील ते आधीच बघून ठेवा.

कोपरे पूर्ण गेलेच असतील तर प्लगवर नट वेल्ड करून काढतात. ते काम वेल्डिंगवाल्याचं, आणि अर्थातच जुनं तेल आत असतानाच करून घ्यायचं.

११. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळा राप आहे. गिअर गेले का?

बहुतेक वेळा नाही. चिमटीत घेऊन चोळून पाहा. मऊ, ओशट, करडा-काळा लेप असेल आणि बोटाला काहीच टोचत नसेल, तर ती दातांची रोजची झीज आहे. फडक्याने पुसा आणि पुढे जा. पहिल्याच बदलात हा लेप जाडसर असतो, त्याचीही काळजी नको.

कण टोचले, सुईसारख्या बारीक काड्या दिसल्या किंवा चपटे चकचकीत पापुद्रे निघाले तर बेअरिंग किंवा दातांचा पृष्ठभाग उडायला लागला आहे. नखाएवढा तुकडा, त्याला दाताचा आकार दिसतोय, तर नवं तेल भरून गाडी चालवू नका. हाउसिंग उघडावंच लागेल. चुंबकाला न चिकटणारा पिवळसर चुरा तेलात चमकत असेल तर तो वॉशर किंवा अशाच एखाद्या पितळी भागाचा असू शकतो. तेल भांड्यात उन्हात तिरकं धरलं की तो दिसतो. भांडं रिकामं करण्याआधी एवढा वेळ जरूर द्या. नवं तेल काय आहे हे बाटलीवर लिहिलेलं असतं, आत काय चाललंय हे फक्त जुनं तेल सांगतं.

१२. तेल दुधाच्या चहासारखं निघालं.

पाणी शिरलंय. दात फिरताना पाणी आणि तेल घुसळून हा रंग येतो. अशा तेलात बेअरिंगला गंज चढतो, म्हणून ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ नको.

पूर्ण निथळू द्या, स्वस्तातलं पण जीएल-५ तेल भरा, थोडं अंतर हळू चालवा आणि पुन्हा काढा. रंग स्वच्छ येईपर्यंत हे करायचं. केरोसीनने किंवा पेट्रोलने धुण्याची पद्धत अजून टिकून आहे, पण आतल्या खाचाकोपऱ्यांत राहिलेला अंश नवं तेल पातळ करतो, आणि पेट्रोलची वाफ हा जिवाशी खेळ.

मग पाणी आलं कुठून ते शोधा. बहुतेक वेळा कारण असतं ब्रीदर: ॲक्सलच्या वर असलेलं छोटं टोपण किंवा तिथून वर गेलेली नळी. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ओढ तयार होते. ब्रीदर मोकळा असेल आणि पाण्याच्या वर असेल तर हवा आत येते. बंद असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढलं जातं. उलट तापल्यावर बंद ब्रीदरमुळे आत दाब वाढतो आणि पिनियनच्या सीलमधून तेल पाझरतं. तेव्हा सील बदलण्याआधी ब्रीदर काढून त्यात फुंकर मारून बघा. वरचेवर पाण्यात जाणाऱ्यांनी नळी लांबवून इंजिनच्या खणात उंच नेऊन बांधावी.

१३. वॉशर नवाच हवा का? टेप गुंडाळली तर?

सरळ आट्यांच्या प्लगला दबणारा वॉशर असतो. तो एकदा दबला की पुन्हा नीट बसेलच असं नाही, म्हणून नवा. अशा प्लगला टेप लागत नाही. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतोच. तिथे सीलंट किंवा टेप चालते, पण टेपची टोकं आत लोंबता कामा नयेत. दोन्ही प्रकारांत टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. हाउसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर ‘अजून थोडं’ म्हणत आवळल्यावर आटे जातात.

१४. किती भरायचं? जास्त झालं तर?

गाडी सपाट, फिलरचं भोक उघडं, आणि तेल भोकाच्या खालच्या काठाशी येऊन बाहेर ओघळायला लागेपर्यंत. तिथे लगेच प्लग लावू नका. दाट तेल ॲक्सलच्या नळ्यांत सरकायला पाच-दहा मिनिटं घेतं; पातळी खाली गेली तर पुन्हा भरा. करंगळी भोकातून घालून वाकवली की टोकाला तेल लागायला हवं. काही गाड्यांत पातळी काठापासून काही मिलिमीटर खाली ठेवायला सांगतात, ते मॅन्युअलमध्ये बघा.

सपाट गाडीत जास्तीचं तेल आपोआप बाहेर येतं, म्हणून जास्त भरलं जातं ते बहुधा तिरप्या गाडीत. मग तेल घुसळून फेसाळतं, ब्रीदरमधून उडतं, आणि चाकाच्या सीलमधून ब्रेकवर उतरलं तर मामला गंभीर. थंडीत पंप जड जात असेल तर बाटली अर्धा तास गरम पाण्याच्या बादलीत ठेवा.

१५. माझ्या ॲक्सलला ड्रेन प्लगच नाही.

दोन वाटा आहेत. फिलरच्या भोकातून नळी घालून पंपाने तेल ओढून घ्या. झटपट होतं, पण तळाचा गाळ थोडा राहतो. किंवा मागचं झाकण उघडा. खालचे बोल्ट काढा, वरचे दोन सैल ठेवा आणि झाकण खालून उचकटा, म्हणजे तेल भांड्यात उतरतं आणि झाकण अंगावर पडत नाही. जुनं गॅस्केट खरवडताना कपचे आत पडू देऊ नका. सिलिकॉन लावलंत तर ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या, मगच तेल. या कामात आतले दात डोळ्यांनी बघायला मिळतात. मला तर ही वाट जास्त आवडते.

१६. गाडीला एलएसडी आहे म्हणतात. तेल वेगळं लागतं?

एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअल: एकच चाक मोकळं गरगरू न देणारा प्रकार. क्लच प्लेटांची एलएसडी असेल तर हो. या प्लेटांना घर्षण ठरावीक प्रमाणात हवं असतं, त्यासाठी फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारं द्रव्य) लागतो. ‘एलएसडी’ लिहिलेल्या तेलात तो आधीच असतो. वरून आणखी ओतलात तर प्लेटा नको तिथे घसरतात. मॉडिफायर कमी पडला तर सावकाश आणि कडक वळणावर मागून खरखर, धक्के येतात. तेल बदलल्यावर मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकारात सावकाश फेऱ्या माराव्यात, म्हणजे ते प्लेटांमध्ये शिरतं. गिअरवर चालणाऱ्या टॉर्सन प्रकाराला सहसा मॉडिफायर लागत नाही. बाहेरून बसवलेला एअर किंवा इलेक्ट्रिक लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग) असेल तर तो बनवणाऱ्याची सूचना गाडीच्या मॅन्युअलच्या वर.

आणि एक सावधगिरी: एलएसडी किंवा कायम चारचाकी ओढ असलेल्या गाडीचं एखादंच चाक हवेत असताना इंजिन सुरू करून गिअर टाकू नका. जमिनीवरचं चाकही ओढ घेतं आणि गाडी स्टँडवरून उडी मारते.

१७. पुढची चाकं मी क्वचितच जोडतो. पुढचं तेल बदलायचं का?

हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सुटी करणारे भाग) सोडलेले असतील तर पुढचे गिअर जवळजवळ स्थिर असतात, झीज नगण्य. पण ओल शिरायची थांबत नाही, आणि वरच्या भागांवरचा तेलाचा थर उतरून जातो. म्हणून इथे किलोमीटरऐवजी वर्षं मोजा. महिन्यातून एकदा माती किंवा खडीच्या रस्त्यावर चारही चाकं जोडून थोडं अंतर चालवा. मधला डिफरेन्शिअल नसलेल्या गाडीत हे कोरड्या डांबरावर करू नका, शाफ्टला पीळ बसतो.

१८. तेल बदललं, पण घोंघावणं तसंच आहे.

तेलाने झिजलेला दात भरून येत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर सूर बदलत असेल तर क्राउन-पिनियनची बैठक; वेगाबरोबर वाढणारी सरळ घरघर असेल तर बेअरिंग. वळणावरच खरखर असेल तर प्रश्न १६.

१९. सस्पेन्शन उंच केल्यावर पातळी कशी मोजू?

नुसती गाडी उंच झाली तर फरक पडत नाही. पण शाफ्टचा कोन जुळवण्यासाठी ॲक्सल फिरवून पिनियनचं नाक वर केलं असेल तर फिलरचं भोकही जागा बदलतं, आणि पुढच्या पिनियन बेअरिंगपर्यंत तेल नीट पोहोचत नाही. अशा वेळी भोकावर विसंबू नका. मॅन्युअलमधलं लिटरचं माप धरा आणि ज्याने ॲक्सल फिरवला त्याच्याकडून किती जास्त घालायचं ते घ्या.

२०. माझ्या गाडीत पुढचा डिफरेन्शिअल वेगळा दिसतच नाही.

इंजिन आडवं असलेल्या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्याच पोटात असतो. काहींत तेल एकच, काहींत दोघांच्या मध्ये सील आणि तेलं वेगळी. त्याला लागून मागच्या शाफ्टकडे ओढ पाठवणारा छोटा डबा असतो, त्यात तेल अगदी थोडं आणि ते तापतंही लवकर. मागे इलेक्ट्रॉनिक कपलिंग (मागची ओढ जोडणारा-सोडणारा भाग) असेल तर त्याचं तेल आणखी निराळं. इथे अंदाजाने प्लग उघडायचा नाही. चुकून गिअरबॉक्सचं तेल काढलंच तर इंजिन सुरू न करता योग्य प्रकारचं तेल योग्य मापाने परत भरा.

२१. पुढच्या चाकांच्या गोल पोकळीतून पातळ राखाडी ग्रीस गळतंय. याचा डिफरेन्शिअलशी संबंध आहे?

आहे. सरळ पुढचा ॲक्सल आणि बंद नकल (चाक वळवणाऱ्या सांध्याची ती गोल पोकळी) असलेल्या गाड्यांत ॲक्सलच्या टोकाला आतून एक सील असतं. ते गेलं की डिफरेन्शिअलचं तेल नकलमध्ये उतरतं आणि तिथलं ग्रीस पातळ करतं. त्या गाडीत फिलरची पातळी सतत खाली जाताना दिसेल. तेल भरत राहून उपयोग नाही. नकल उघडून सील बदलावं लागतं, ग्रीस पूर्ण पुसून नवं भरावं लागतं.

२२. जुन्या तेलाचं काय करू?

झाकणाच्या डब्यात भरा, वर नाव लिहा आणि जुनं तेल गोळा करणाऱ्यांकडे किंवा ते घेणाऱ्या गॅरेजला द्या. कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल त्यात मिसळू नका, मग त्याची पुनर्प्रक्रिया होत नाही. जमिनीवर सांडलेल्यावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाका, तासाभराने झाडून घ्या.